वंशावळीत न मावणारे

गेल्या दिवाळीत पुण्याहून आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचा फॉर्म आला. इथे एश्बॉर्नला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो पसरून मी नावे भरत बसलो होतो. शेजारी जुनी वंशावळ होती. ती पाहून मुलीने विचारले, "बाबा, यात माझी मुलं कुठे येणार?"

येणार नाहीत, हे मला ठाऊक होते. मुलाची फांदी पुढे वाढते, मुलीची तिथेच थांबते. सुना येतात त्या माहेरच्या आडनावापुरत्या. बाहेरून आत यायची एकच वाट या झाडाला मान्य आहे, दत्तकाची.

त्याच सुमारास एस-बानने फ्रँकफर्टला जाता-येता मी डेव्हिड राइक यांचे २०१८ साली निघालेले 'हू वी आर अँड हाउ वी गॉट हिअर' हे पुस्तक वाचत होतो. उत्क्रांतीचे झाड आपण सारे शाळेत शिकलो: एकदा फुटलेली फांदी पुन्हा दुसरीला मिळत नाही. माणसाच्या इतिहासाला हे चित्र पुरत नाही, असे राइक सांगतात. माणसालाच कशाला? आपल्या फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली अस्वलांबद्दल हेच दाखवले. जाती वेगळ्या झाल्यावरही त्यांच्यात संकर होतच राहिला.

हे ओळखायचे कसे? पुस्तकातला हा भाग सर्वांत सरस आहे. एक आफ्रिकी माणूस, एक युरोपीय, एक निअँडरथल आणि दूरचा नातलग म्हणून चिंपँझी, असे चौघे घ्या. निअँडरथलच्या जनुकांतले बदललेले एखादे अक्षर कधी फक्त आफ्रिकी माणसात सापडेल, कधी फक्त युरोपीय माणसात. झाड खरे असेल तर दोन्ही मोजण्या जवळपास सारख्या याव्यात. २०१० साली त्या तशा आल्या नाहीत. आफ्रिकेबाहेरच्या माणसांचे पारडे जड निघाले. ही पद्धत घडवणाऱ्यांपैकी निक पॅटरसन पूर्वी ब्रिटिश सरकारसाठी सांकेतिक लिपी उलगडत असत, हे वाचून आम्हा संगणकवाल्यांना बरे वाटते.

मिश्रण कधी झाले, हेही काढता येते. लाल पाठीचा आणि निळ्या पाठीचा असे पत्त्यांचे दोन कॅट एकावर एक ठेवून पिसा. आधी एका रंगाचे मोठे गठ्ठे राहतात, पिसत गेलो की ते लहान होतात. दर पिढी म्हणजे एक पिसणे. या रीतीने हैदराबादच्या सीसीएमबीतील थंगराज आणि राइक यांच्या चमूने २०१३ साली भारतातल्या मिश्रणाचा काळ १९०० ते ४२०० वर्षांपूर्वीचा काढला. त्यानंतर लग्ने जातीत बंदिस्त होत गेली, असे ते म्हणतात.

आता तक्रारी. भारतावरच्या प्रकरणाच्या नावातच 'टक्कर' आहे. दोन हजारांहून अधिक वर्षे चाललेल्या गोष्टीला टक्कर म्हणावे काय? मला 'संगम' सुचले, कऱ्हाडचा प्रीतिसंगम डोळ्यांपुढे आला. पण राइक यांचाच पुरावा तो शब्द वापरू देत नाही. उत्तरेकडचा वारसा पुरुषांकडून जास्त आला, दक्षिणेकडचा स्त्रियांकडून. त्यात प्रीती किती आणि जबरदस्ती किती, हे जनुके सांगत नाहीत.

दुसरी तक्रार नावांची. 'पूर्वज उत्तर भारतीय' आणि 'पूर्वज दक्षिण भारतीय' ही नावे २००८ साली हैदराबादेत भारतीय सहकाऱ्यांशी झालेल्या कठीण चर्चेतून ठरली, हे राइक प्रांजळपणे लिहितात. दोन्ही गट स्वतःच मिश्र होते, हेही सांगतात. पण एकदा टक्केवारी छापली की वाचक त्यांना गोत्रासारखे कवटाळतो. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांतही 'आमच्यात अमुक टक्के' अशी भाषा मी ऐकली आहे.

तिसरी तक्रार इंजिनियरची. पुरेसे चल हाताशी असले की कोणतीही आकृती आकड्यांवर बसवता येते. २०२३ साली रॉबर्ट मायर आदींनी पूर्वी प्रसिद्ध झालेल्या काही आकृत्या तपासल्या, तेव्हा त्याच आकड्यांशी तितक्याच जुळणाऱ्या अनेक निराळ्या आकृत्या निघाल्या. त्या लेखकांत खुद्द राइक आहेत, हे त्यांना शोभते. पुस्तकातले बाण मात्र फार ठाम आहेत. मिश्रण झाले, हे पक्के. कोणत्या वाटेने झाले, हे तितके पक्के नाही. वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा आणि पुस्तक जरूर वाचावे, विशेषतः आपले घराणे 'शुद्ध' असल्याचे सांगणाऱ्यांनी.

फॉर्म अजून टेबलावरच आहे. मुलीच्या नावाखाली मी एक जादा रेघ आखून ठेवली आहे. पुण्याचे संपादक ती छापतात का, पाहू.