बिअरची बखर

बिअरच्या शौकिनांची बैठक दोन गोष्टींवर चालते. कोणाला कोणती बिअर आवडते ही एक, आणि त्या बिअरमागचा किस्सा ही दुसरी. पहिलीवर वाद घालण्यात अर्थ नसतो. कोणाला गव्हाच्या जर्मन बिअरमधला केळ्यासारखा वास भावतो, कोणाला आयरिश स्टाउटचा करपट कडूपणा, तर कोणी आयुष्यभर एकाच स्वस्त लागरशी एकनिष्ठ राहतो. मला स्वतःला हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा असलेली इंडिया पेल एल आवडते, त्यामुळे पुढील विवेचनात मी तटस्थ आहे असे कोणी समजू नये. किस्स्यांचे मात्र वेगळे आहे. तो एक मौखिक वाङ्मयप्रकार आहे. त्याला निवेदक आहेत, पाठभेद आहेत, प्रक्षेप आहेत. नाही ती समीक्षा.

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची झडती घेतली. बखरी म्हणून काही मेल्या नाहीत. त्या कशासाठी वाचायच्या हे आपल्याला कळले. बिअरच्या बखरीचीही तशी झडती घेता येते. माझी कसोटी केवळ खरेखोटेपणाची नाही. किस्सा रंगावा म्हणून त्यातून कोणाला बाहेर काढले, हे मला पाहायचे आहे.

सगळे किस्से खोटे नसतात, हे आधी सांगितले पाहिजे. गिनेस बुकाचा जन्म खरोखरच एका वादातून झाला. गिनेस कंपनीचे ह्यू बीव्हर १९५१ मध्ये आयर्लंडात शिकारीला गेले असता, युरोपात सर्वांत वेगाने उडणारा शिकारीचा पक्षी कोणता यावर मतभेद झाले, आणि १९५५ मध्ये अशा वादांचा निकाल लावणारे पुस्तक निघाले. याच कंपनीतील विल्यम गॉसेट याचा किस्सा मला अधिक मोलाचा वाटतो. थोड्याच नमुन्यांवरून निष्कर्ष कितपत भरवशाचा, हा त्याच्यापुढचा रोजच्या कामातला प्रश्न होता. त्याचे उत्तर त्याने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापले, कारण कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे. आज संख्याशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ती टी-चाचणी शिकतो. या किस्स्यात माणूस आणि त्याचे काम दोन्ही जागेवर राहतात.

आता माझ्या आवडत्या पेयाची बखर. ती अशी सांगतात: इंग्लंडहून हिंदुस्थानात येणारी बिअर वाटेत नासत असे. तेव्हा लंडनच्या जॉर्ज हॉजसनने भरपूर हॉप्स आणि जास्त मद्यार्क घालून खास नवी बिअर शोधली, ती टिकली, तीच इंडिया पेल एल. पुढे १८२७ च्या सुमारास हिंदुस्थानकडे निघालेले एक जहाज आयरिश समुद्रात फुटले, वाचलेली पिंपे लिव्हरपूलमध्ये विकली गेली आणि इंग्रजांनाही तिची चटक लागली.

रचना म्हणून ही कथा निर्दोष आहे. संकट, नायक, शोध, अपघात, कीर्ती. एवढी सुबक कथा दिसली की मला राजवाडे आठवतात. जहाजफुटीची ही हकीकत १८६९ मध्ये बर्टन गावावर निघालेल्या एका पुस्तकात भेटते, म्हणजे घटनेनंतर चाळीस वर्षांनी. इंग्लंडमधील मार्टिन कॉर्नेल या अभ्यासकाने जुन्या जाहिराती आणि व्यापारी कागद चाळून या बखरीचे एकेक पान सैल केले. हॉजसनने काही शोधल्याचा पुरावा नाही. फिकट, कडू, दीर्घकाळ मुरवायची बिअर इंग्लंडात आधीपासून होत होती, आणि इतर प्रकारची बिअरही हिंदुस्थानात पिण्याजोगी पोहोचत होती. हॉजसनची भट्टी बो येथे, कंपनीची जहाजे उभी राहत तिथून जवळ होती. जहाजांच्या कप्तानांना खासगी माल नेण्याची मुभा असे आणि हॉजसन त्यांना अठरा-अठरा महिन्यांच्या उधारीवर पिंपे देई. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी त्याने लावली असती, तर माझ्या आवडत्या बिअरचा इतिहास वेगळा झाला असता! चार-सहा महिन्यांच्या प्रवासात उष्म्याने आणि हेलकाव्यांनी ती बिअर एरवी तळघरात दीर्घकाळ मुरावी तशी मुरली, हा योगायोग. पुढे हॉजसनच्या वारसांनी कप्तानांना डावलून सगळा नफा घशात घालायचे ठरवले, तेव्हा कंपनीच्या एका संचालकाने बर्टनच्या ऑल्सप यांना गाठले. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यात कडवटपणा अधिक स्वच्छ उतरे. हॉजसन मागे पडले. उधारी, हाव आणि पाणी यांची ही गोष्ट मला मूळ दंतकथेहून सरस वाटते.

पण त्या दंतकथेचा खरा दोष तारखांचा नाही. तिच्यात हिंदुस्थान आहे तो फक्त बाटलीवरच्या नावापुरता. फिकट एल महाग होती. ती साहेबाच्या टेबलावर जाई. गोऱ्या शिपायाच्या वाट्याला काळी पोर्टर येई आणि ती पेल एलहून कितीतरी अधिक प्रमाणात येत होती. या पोर्टरची दंतकथा झाली नाही, कारण शिपायाची दंतकथा कोण रचणार?

त्या शिपायाने भाषेत मात्र एक शब्द ठेवला, आणि तो आपल्या नाशिक जिल्ह्यातला आहे. नोकरीची मुदत संपलेल्या शिपायांना देवळालीच्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट पाहत ठेवत. जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगाम चुकला तर कित्येक महिने उन्हात, कामाविना, दारू आणि हिवतापाच्या सोबतीने काढावे लागत. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६ च्या आठवणींत या मुक्कामाबद्दल लिहिले आहे. डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले: देवळालीचा ताप. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ताज्या बिअरच्या उद्योगाने ‘डूलाली’ हेच नाव घेतले. नाव चपखल आहे, थट्टाही चांगली आहे. एवढेच, की तिथे ग्लास उंचावणाऱ्यांपैकी किती जणांना हे आपल्याच स्टेशनचे नाव आहे याचा पत्ता असेल, अशी शंका येते.

थट्टेची हद्द कुठे संपते, हे लंडनच्या ‘बिअरच्या पुरा’त दिसते. हा किस्सा प्रत्येक बैठकीत हमखास निघतो आणि हमखास हशा मिळवतो. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या भट्टीतील बावीस फूट उंचीची पोर्टरची टाकी फुटली, रस्त्यांतून बिअर वाहिली, लोक भांडी घेऊन धावले, पिऊन पडले. एक तर पिऊनच मेला. किती छान मरण, असे कोणीतरी म्हणतेच. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत या झुंडी नाहीत. तो पुढच्यांनी घातलेला प्रक्षेप आहे, आणि माझ्या मते दुष्ट प्रक्षेप. सेंट जाइल्सच्या त्या वस्तीत गरीब आयरिश लोक राहत होते; गरीब आयरिश म्हटला की तो पिणारच, या गृहीतावर हा विनोद उभा आहे.

कागदपत्रे वेगळे सांगतात. दुपारी साडेचारच्या सुमारास टाकीचे एक लोखंडी कडे निखळले. असे वर्षातून दोन-तीनदा होई, म्हणून कारकुनाला काही बिघडत नाही असे सांगण्यात आले. तासाभराने टाकी फुटली. आठ जण मेले, सगळ्या बायका आणि मुले. एका तळघरात आदल्या दिवशी वारलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या मयताला माणसे जमली होती; त्याची आई तिथेच गेली. एक चार वर्षांची मुलगी आईबरोबर चहाला बसली होती. चौकशीत ज्युरीने अपघात म्हणून निकाल दिला. वाहून गेलेल्या बिअरवर भरलेला कर कंपनीला पार्लमेंटकडून परत मिळाला.

मेलेल्यांत एलेनर कूपर नावाची एक पोरसवदा मोलकरीण होती. भट्टीची भिंत तिच्या अंगावर कोसळली. ती शेजारच्या ‘टॅव्हिस्टॉक आर्म्स’ या गुत्त्यात कामाला होती आणि त्या वेळी मागच्या अंगणात गिऱ्हाइकांची भांडी घासत होती.