वसंत पाहायचा की खायचा?

मराठी ललित गद्यातला वसंत बहुतेक डोळ्यांनी अनुभवलेला आहे. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (1956) हा त्याचा सर्वांत समर्थ नमुना. झाडे, फुले, रंग, गंध महिन्यामागून महिना टिपणारे ते निरीक्षण अजून शिळे झालेले नाही. तरी एक गोष्ट खटकते. लोकसाहित्याच्या या थोर अभ्यासक मध्य प्रांतातल्या आदिवासींमध्ये हिंडलेल्या, पण इथे निरीक्षक जवळजवळ एकटाच आहे. ऋतू अनुभवायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

गडचिरोलीच्या जंगलात ती लागते. भामरागड-एटापल्लीपासून बस्तरपर्यंतचे माडिया-गोंड सणाला पंडुम म्हणतात. मरका पंडुम हा आंब्याचा सण. झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडला असला, तरी पहिले फळ देवांना आणि पूर्वजांना दिल्यावाचून तोंडात घालायचे नाही. दिवस पंचांगातून निघत नाही. फळ कसे धरले आहे ते पाहून गाव ठरवते.

अभ्यासक याला 'निसर्गपूजा' म्हणून मोकळे होतात. मला तो शब्द दिशाभूल करणारा वाटतो. पूजेआधी इथे एक कायदा आहे: नवे कधी खायचे, हे एकट्याने ठरवायचे नाही. कोरियात 4 फेब्रुवारीच्या सुमारास, 'इपचुन'ला, दारावर शुभाक्षरांचे कागद लावतात. आपल्याला चटकन गुढी आठवते. पण वसंताच्या त्या पहिल्या दिवशी तिखट, कोवळ्या भाज्या खाण्याची जुनी रीतही तिथे आहे, आणि मरका पंडुमची खरी सोयरीक तिच्याशी.

मोहाची गोष्ट याहून बोचरी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी फुले वेचायला बायका-मुले अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो. जाळ पसरला की वणवा, आणि मग वनखात्याशी वाद. साहित्यात मोह येतो तो धुंद गंध म्हणून. बातमीत येतो तो दारू म्हणून. गडचिरोलीत तर 1993 पासून दारूबंदी आहे. वाळवून साठवलेले आणि अडीअडचणीच्या दिवसांत शिजवून खाल्लेले मोहफूल या दोन्हींत क्वचितच सापडते. पळसावर आपण पानेच्या पाने लिहिली, पण त्याच पळसाच्या पानांची पत्रावळ लावणारे हात त्यांत कुठे आहेत?

'ऋतुचक्रा'तला चैत्र पुन्हा वाचताना मी आता समासात पेन्सिलीने लिहून ठेवतो: हे फूल खाली पडल्यावर कोणी वेचले?