राशाचे हात

मी समीक्षक नाही. सूतगिरणीत रात्रपाळीला उभा राहतो, तुटलेलं सूत जोडतो. पण गॅब्रिएला पिक्लर या स्वीडिश बाईचा 'ईट स्लीप डाय' (२०१२) पाळी सुटल्यावर मोबाइलवर पाहिला आणि झोपच उडाली.

स्वीडिश सिनेमा म्हटला की आपले प्रस्थापित बर्गमनपाशी थांबतात. देव गप्प का, हा त्याच्या माणसांचा प्रश्न. असेल, तोही खराच. राशाला मात्र देवाशी भांडायला सवड नाही. दक्षिण स्वीडनमधलं खेडं. बाल्कनमधनं आलेलं घर, बापाची पाठ कामातनं गेलेली. पोरगी कारखान्यात सॅलडचा पाला डब्यांत भरते. एक दिवस कपात होते, यादीत तिचं नाव निघतं. पुढं सगळी वणवण.

पिक्लर स्वतः बिस्किटांच्या कारखान्यात राबलीय. राशा झालेली नेर्मिना लुकाचही तोवर सिनेमातली नटी नव्हती. ते पडद्यावर दिसतं. कॅमेरा राशाची कीव करत नाही. तिच्या हातांची चपळाई दाखवतो, तिची मस्तीही दाखवतो. म्हणून काम गेल्यावर नेमकं काय गेलं ते कळतं. पगार तर गेलाच, पण हातातली हुशारीही कवडीमोल झाली.

एक गोष्ट खटकते. बू वीडरबर्गच्या 'ओडालेन ३१'मध्ये (१९६९) मोर्चा होता. १९३१ साली लष्करानं त्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, ५ माणसं मेली. राशाच्या सिनेमात मोर्चा नाही. हा पिक्लरचा दोष म्हणणार होतो. मग आठवलं, आमच्या खात्यातनं परवा चौघांना काढलं तेव्हा मीही खाली मान घालून सूतच जोडत होतो.

आणि माझ्या कविता? त्यात कामगार नुसता खोकतो, रक्त ओकतो, मरतो. चालू चात्यावर क्षणात तार जोडणारी त्याची बोटं एका ओळीतही नाहीत. आपल्या माणसाला मीही बिचाराच करून ठेवला की! मग पांढरपेशांना कुठल्या तोंडानं शिव्या द्यायच्या?

पिक्लरच्या पुढच्या 'अमॅच्युअर्स'मध्ये (२०१८) दोन पोरी मोबाइल घेऊन आपलं गाव आपणच टिपत सुटतात. गावच्या कारभाऱ्यांना हवं तसलं गोंडस गाव त्यात नसतं.

मोबाइल माझ्याही खिशात आहे. आज रात्री पाळीला जाताना आधी शेजारच्याची बोटं नीट बघणार आहे. कविता नंतर.