फळ्यावरचा त्रिकोण

‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’ मी पहिल्यांदा पाहिला तो एका सीनसाठी. फ्रेंच कर्नल मॅथ्यू फळ्यावर त्रिकोण काढून बंडखोर एफएलएनची रचना समजावतो. प्रत्येकाला फक्त तिघं माहीत: ज्याने त्याला घेतलं तो, आणि त्याने निवडलेले दोघं. बायनरी ट्री! डेटा स्ट्रक्चर्स शिकलेला कुणीही इथे सावरून बसेल. मीही बसलो. एकाला पकडायचं, त्याच्याकडून पुढचं नाव काढायचं, मग त्याच्याकडून पुढचं. नाव ‘काढायचं’ म्हणजे काय, हे सिनेमा पहिल्याच सीनमध्ये छळ झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दाखवून मोकळा झालाय. तरी मी मनातल्या मनात कर्नलचा प्रॉब्लेम सोडवत होतो.

दुसऱ्यांदा पाहताना त्याची लाज वाटली, आणि थोडा राग दिग्दर्शक जिलो पोन्तेकोर्वोवरही आला. सिनेमा १९६६चा. फ्रान्सची १३२ वर्षांची सत्ता जाऊन चारच वर्षं झालेली. अल्जियर्समधला एफएलएनचा नेता सादी यासेफ खुद्द निर्माता, शिवाय वेगळ्या नावाने स्वतःचीच भूमिका करतो. बहुतेक नट साधी माणसं; कर्नल झालेला जाँ मार्तां मात्र मुरलेला व्यावसायिक. म्हणून की काय, सगळ्यात नेमकं तोच बोलतो. अल्जीरियन माणसं सोसतात, पळतात, मरतात. समजावून सांगायचं काम कर्नलकडे.

खरी अडचण शेवटाची. १९५७मध्ये अली ला पॉइंतला भिंतीमागच्या पोकळीत स्फोटाने उडवतात. ट्री संपलं. आणि लगेच डिसेंबर १९६०: हजारो लोक झेंडे घेऊन रस्त्यावर. मधल्या तीन वर्षांचे लॉग्ज गायब! निवेदकही कोड्यात. या काळात अल्जीरियाच्याच प्रश्नावरून द गॉल सत्तेवर आला, कैरोत हंगामी सरकार स्थापन झालं, आणि गावंच्या गावं उठवून सुमारे २० लाख लोक लष्कराच्या पहाऱ्यातल्या छावण्यांत कोंबले गेले. शहरातली लढाई हरून देश जिंकला कसा, हे मला पाहायचं होतं. सिनेमा तिथे फक्त गर्दी दाखवतो.

त्या गर्दीत शेवटी झेंडा घेऊन नाचणारी एक बाई आहे. स्वतंत्र अल्जीरियाच्या १९८४च्या कायद्याने बाईला लग्नासाठी पुरुष पालक सक्तीचा केला. याचा दोष १९६६च्या सिनेमाला कसा देणार? पण तिघी जणी आरशासमोर युरोपियन वेश करून बॉम्ब ठेवायला निघतात, तो यातला सर्वांत चांगला सीन. ढोल वाजत राहतो, आणि त्या जवळजवळ काहीच बोलत नाहीत.