नकाशातलं पाणी आणि हिंदमात्याचं पाणी

मंडळी, आपण दादरला बसलोय, तेव्हा उपग्रहापासून सुरुवात करण्याऐवजी मी हिंदमात्यापासून करतो. पण त्याआधी २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्याला पंचाहत्तरसुद्धा नाही! शहर एकच. मधल्या पट्ट्यात काय चाललंय हे त्या क्षणी सांगणारी यंत्रणाच नव्हती. नंतर पालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवली आणि जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज-मुंबई’ आली. पावसाचा अंदाज, जमिनीचे चढउतार, नाले, भरती हे सगळं एकत्र करून कुठे किती पाणी चढेल ते आधीच सांगायचं. कल्पना उत्तम आहे, त्याबद्दल माझं भांडण नाही.

भांडण पुढचं आहे. हा नकाशा कोणासाठी? मुख्यतः नियंत्रण कक्षातल्या अधिकाऱ्यासाठी. ड्यूटी संपवून परळहून दादर स्टेशनकडे निघालेल्या नर्सबाईंच्या हातात काय पडतं? ‘सतर्क राहा’ असा मेसेज. अहो, सतर्क म्हणजे कोणत्या गल्लीने जायचं?

२९ ऑगस्ट २०१७ आठवा. मुंबईतले एक नामांकित डॉक्टर एल्फिन्स्टन परिसरात तुंबलेल्या पाण्यातून घरी चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडले. मृतदेह वरळीला सापडला. इथे पाणी भरलंय, एवढं नकाशा सांगू शकेल. पण पाण्याखाली झाकण उघडं आहे, हे वरून कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. ते समोरच्या दुकानदाराला ठाऊक असतं. आणि त्याने सांगायचं कुणाला, नोंदवायचं कुठे?

दुसरं असं, की नकाशा शिळा होतो, भाजीसारखा. हिंदमात्याचा खोलगटपणा तोच आहे, पण तिथलं पाणी आता पंपाने प्रमोद महाजन उद्यान आणि झेवियर्स मैदानाखालच्या टाक्यांत नेतात. म्हणजे जमीन तीच, पाण्याचं वागणं बदललं. मेट्रोसाठी खणलं, रस्त्याची उंची वाढवली, की पुन्हा बदलणार. हे दर पावसाळ्याआधी गणितात घातलं नाही, तर संगणक जुन्याच मुंबईचं भविष्य सांगत बसेल.

माझी मागणी साधी आहे. १९१६ वर येणारा प्रत्येक फोन ही जागा आणि वेळ असलेली नोंदच असते. फोन करणाऱ्याचं नाव काढून ती त्याच तासात सगळ्यांना दिसेल अशा नकाशावर टाका. चुकीच्या खबरा येतील, मान्य. दुसऱ्या फोनने त्या खोडता येतात.