‘प्रो गिट’ : किल्ली मिळते, कुलूप कळत नाही

एखादा प्रोग्रॅम शाळेच्या संगणकावर लिहायला घ्यावा आणि उरलेला घरी पुरा करावा, असे अनेक शिक्षक करतात. पेनड्राइव्हवरून ने-आण केली की ताजी प्रत कोणती, हा घोळ ठरलेलाच. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेली ‘गिट’ ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली तो मिटवते. नोंदवलेल्या प्रत्येक बदलाचा इतिहास एका भांडारात, म्हणजे रिपॉझिटरीत, राहतो व त्याची प्रत दोन्ही संगणकांवर ठेवता येते. मात्र दर देवाणघेवाणीला पासवर्ड विचारला जाऊ लागला की माणूस वैतागतो, आणि मग तो पासवर्ड कागदावर लिहून पडद्याला चिकटवला जातो.

यावरचा उपाय स्कॉट चॅकन व बेन स्ट्रॉब यांच्या ‘प्रो गिट’ या इंग्रजी पुस्तकात आहे. त्याची दुसरी आवृत्ती २०१४ साली निघाली आणि ती इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. सर्व्हरवर सामायिक भांडार कसे मांडावे, हे चौथ्या प्रकरणात क्रमवार व स्वच्छ सांगितले आहे.

किल्ल्यांच्या भागात मात्र पुस्तक घाई करते. ‘एसएसएच-कीजेन’ ही आज्ञा दिली की किल्ल्यांची जोडी तयार होते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरला द्यायची, खासगी आपल्याजवळ ठेवायची. हे का चालते, ते येत नाही. शिक्षकाला तर नेमके तेच हवे असते. येथे सर्व्हर पासवर्ड मागत नाही, ओळखीचा पुरावा मागतो. आपला संगणक त्या जोडणीपुरत्या माहितीवर खासगी किल्लीने सही करतो आणि सर्व्हर ती सही सार्वजनिक किल्लीने पडताळतो. खासगी किल्ली संगणकाबाहेर जातच नाही. दर जोडणीची माहिती वेगळी, म्हणून जुनी सही चोरूनही उपयोग नाही. डिफी व हेलमन यांनी १९७६ साली मांडलेल्या कल्पनेचे हे फळ.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. किल्लीसाठी परवलीचे वाक्य नको असेल तर जागा रिकामी सोडा, असे पुस्तक सहज सांगून जाते. अशी किल्ली ज्याच्या हाती लागेल तो आपल्या नावाने भांडारात शिरेल. उलट, वाक्य ठेवून ते ‘एसएसएच-एजंट’ला एकदा सांगितले, तर तो उघडलेली किल्ली संगणकाच्या स्मृतीत धरून ठेवतो व पुन्हा विचारत नाही. सोय तीच, धोका कमी. या उपायाच्या वाट्याला पुस्तकात जेमतेम एक वाक्य आले आहे. पासवर्ड साध्या मजकुरात साठवण्याचा धोका हेच लेखक सातव्या प्रकरणात स्पष्ट सांगतात. तीच दक्षता इथेही हवी होती.

तरीही शिक्षकांनी हे प्रकरण जरूर वाचावे. फक्त दोन पथ्ये पाळावीत. प्रत्येक संगणकाची किल्ली-जोडी वेगळी ठेवावी, म्हणजे एक किल्ली हरवली तर सर्व्हरवरची तेवढीच ओळ खोडता येते. आणि जिथे एकाच खात्यात सारेच बसतात, तिथे आपली खासगी किल्ली ठेवूच नये.