जुगत सांगणारी ताई

कार्टून चित्रपटातली मुलगी म्हटली की दोन साचे चटकन डोळ्यांपुढे येतात. एक, कोणी सोडवायला येईल म्हणून वाट पाहणारी राजकन्या. दुसरी, घरदार सोडून साहसाला निघालेली धीट पोर. पहिलीला स्वातंत्र्य नाही आणि दुसरीला घर नाही. पण स्वातंत्र्य उंबरठ्याबाहेरच सापडते असे थोडेच आहे? चार पोरांत खेळणाऱ्या, हसतमुख मुलीपाशीही ते असू शकते. त्याचा दाखला एका मराठी बाईंनीच आपल्याला देऊन ठेवला आहे.

तो म्हणजे विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ सालचा हिंदी लघुपट. लांबी जेमतेम सात मिनिटांची. त्यातल्या चित्रांना भीमसैन यांनी चालते-बोलते केले, संगीत वसंत देसाईंनी दिले आणि गाण्यातला कोवळा आवाज साधना सरगम यांचा. उत्तम शैक्षणिक चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पुढे दूरदर्शनने तो घरोघरी नेला.

कथा म्हणावी तर एवढीच : धाकटा विचारतो, ‘अनेक’ म्हणजे काय? आणि दीदी सांगते. पण कशी सांगते ते पाहावे. ती नुसत्या व्याख्येवर थांबत नाही. सूर्य, चंद्र, तारे, फुलपाखरू, खार, चिमणी असे डोळ्यांना दिसणारे एकेक उचलून ती धाकट्यापुढे ठेवते. मग जाळ्यासकट उडणाऱ्या पाखरांची गोष्ट येते. शिकवायला गुरुजी नाहीत, हातात छडी नाही. आणि तरी शिक्षण झालेले असते.

आम्हा वर्धेकरांना ही रीत परकी वाटू नये. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामात नयी तालीम उभी राहिली. हाताने करावे आणि करता करता शिकावे, हे तिचे सूत्र. दीदीने ते कुठे वाचले नसेल. तिच्या स्वभावातच ते आहे.

चित्रपटाचा खरा प्राण मात्र गोष्ट संपल्यानंतरच्या एका क्षणात आहे. एकीचे बळ कळताच धाकट्याला देश आठवत नाही, झाडावरचे आंबे आठवतात! दुसरी एखादी शहाणी मुलगी इथे ‘छे, असे करू नये’ म्हणाली असती. दीदी म्हणते, तोडता येतील, पण जुगत लढवावी लागेल. ती मनाई करत नाही, स्वतः तोडूनही देत नाही. धाकट्याच्या हाती ती फक्त एक शब्द ठेवते. एवढा विश्वास टाकणारी मोठी माणसेही विरळाच. पुढच्या समूहगीतात एकता गर्जते खरी. पण मला वाटते, ती त्याआधीच आंब्याच्या झाडाखाली सिद्ध झालेली असते.

तरीही एक रुखरुख राहते. या मुलीला नाव नाही. ती नुसती ‘दीदी’ आहे. सारे प्रश्न धाकट्याचे, सारी उत्तरे तिची. तिला स्वतःला काय विचारायचे आहे? जपानच्या हायाओ मियाझाकींच्या ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) या चित्रपटातली सात्सुकी अशीच ताई आहे. आई इस्पितळात, म्हणून सर्वांचे डबे ती भरते, धाकट्या मेईला सांभाळते. पण धीर सुटतो तेव्हा शेजारच्या आजीपुढे ती मोकळेपणाने रडते. ताईलाही लहान असण्याचा हक्क आहे, हे तो चित्रपट मान्य करतो. आपल्या दीदीला सात मिनिटांत ती सवड मिळालेली नाही.

हा दोष चित्रपटापेक्षा आपल्या घरांचा अधिक आहे. घरात करंज्या तळायला घेतल्या की धाकट्याला खेळवायला ताईच बसते. फुलबाजीही त्याची आधी, तिची नंतर. ती हसत करते, म्हणून आपण तिला गुणी म्हणतो आणि पुढे विचारायचे विसरतो.

या दिवाळीत मुलांना घेऊन हा लघुपट जरूर पाहावा. धाकटे प्रश्न विचारतीलच. त्यांना थोपवू नये. पण त्यांची उत्तरे देऊन झाली की थोरलीकडे वळावे आणि तिला म्हणावे, ‘आता तू विचार.’